टोकाला धार नको

त्या दिवशी उतारावर कोन कोन व्हतं ते आधी सांगून टाकते, म्हंजे मधीच हा कोन आला म्हनून विचारायला नको. मी हिरूबाई. माझी सून कमळ. तिची मुलगी, म्हंजे माझी नात, मंदा. पान्याच्या पंपावर लक्ष्मन. मंदाला शिकवनारे विनय सर. जागेचे मालक शेखरशेठ. नि लांब बर्फाच्या मुलखातून आलेल्या डोलमाबाई, त्यांच्यासाठीच सगळं चाललं व्हतं. एक कुत्रं पन व्हतं, ते शेठच्या खुर्चीखाली निजलेलं. काय झालं ते त्याला कळलंच नाय.

मला लिवता येत नाय. सहीपुरतं येतं. अंगनवाडीच्या ताई लिवून घेतात. त्यांना म्हटलं, मी बोलते तसंच लिवा, उगं सरळ करत बसू नका.

माझं काम धार लावायचं. जन्मभर तेच केलं. सासर साखरशेतचं. नवरा इळे-कोयते धारेला लावायचा, त्याच्या बाजूला बसून मी शिकले. मंग एका वर्षी तो वीटभट्टीवर गेला नि तिकडंच तापानं गेला. त्याचं जास्ती सांगत नाय. रडायला येळ नव्हता, भात पिकलं व्हतं नि लोकांचे इळे आमच्या ओटीवर पडून व्हते. ते कोन लावनार? मीच लावले. मंग कानस नि दगड फडक्यात बांधून मोखाड्याच्या बाजारात बसायला लागले. बाईमानूस धारेला बसलेली बघून लोक हसायचे.

एक जन म्हनाला, "बाय, तुला इळा धरता तरी येतो का?"

म्हटलं, "तुझ्या शेतात भात कोन कापतं? तू का तुझी बायको?"

त्याची बायको मागंच उभी व्हती. ती इतकी हसली, की त्यानं गुपचूप कोयता पुढं केला.

बाजार नसला की मजुरी. पावसाळा सरला की भट्टी. ज्या भट्टीवर तो गेला तिथंच मी पन गेले. दुसरी जवळ नव्हती. पोरगा मोठा झाला, त्याचं लगीन झालं, तो बोटीवर खलाशी म्हनून जायला लागला. आठ-आठ महिने समुद्रात. घरात मी, कमळ नि मंदा, तीन बायका.

मंग शेखरशेठनी जव्हारच्या वरच्या अंगाला डोंगराची एक उतरन घेतली नि तिच्यावर पार वरपासून खालपर्यंत चटया घातल्या. पांढऱ्या, राठ, बुरशासारखे केस वर आलेल्या. आमच्या गावात म्हनायचे, शेठ डोंगराचे दात घासतो. बर्फ नाय, काय नाय, पन लोक पायाला फळी बांधतात नि त्या चटयांवरून खाली घसरत येतात. फळीला बोर्ड म्हनतात. ज्यांना थंडीत खऱ्या बर्फावर जायचं असतं ते बाकीचे महिने इथं पाय बसवतात. मुंबईची पोरं, पुन्याची पोरं. पैसे देऊन पडतात.

चटई कोरडी असली तं बोर्ड तापतो, नि मानूस पडला तं अंग सोलून निघतं. म्हनून उतारावर पान्याचे फवारे सारखे चालू. लक्ष्मनचा पंप बंद म्हंजे उतार बंद. पानी थांबलं, की जो जिथं असंल त्यानं तिथंच खाली बसायचं. हा नेम शेठनी पहिल्या दिवशीच केला. तो शेठला पन लागू.

पान्यानं बोर्डांच्या कडा गंजायला लागल्या. चटईनं नि वाळूनं बोथट व्हायला लागल्या. शेठ विचारत व्हते, इथं धार कोन लावतं? लक्ष्मन आमच्याच गावचा. तो म्हनाला, आमच्याकडं एक म्हातारी हाय. अशी मी तिथं लागले.

विनय सर माझ्यासमोर जमिनीवर बसले नि त्यांनी मला पहिल्यापासून शिकवलं. मी त्यांना सर म्हनते, ते मला आजी म्हनतात. आता तुमाला पन सांगते, सोपं हाय.

बोर्डाच्या पोटाला कडेकडेनं पोलादाची पट्टी असते. बारीक, बांगडीयेवढी. तीच त्याची धार. पन ती इळ्यासारखी पातळ नसते. पत्र्याच्या डब्याचा कोपरा बोटाला लागतो ना, तशी असते, कोपरा. तो कोपरा अगदी सरळ नको, केसभर आत कललेला पायजे. केसभर म्हंजे किती, ते हाताला कळायला माझा अख्खा पावसाळा गेला. कानस धरायला एक साचा मिळतो. तो बोर्डाच्या पोटावर टेकवायचा नि कानस एकाच अंगाला ओढायची. पुढं-मागं घासायची नाय. आधी पट्टीवर काळ्या पेनानं रेघ मारायची. कानस फिरल्यावर काळं सगळीकडून सारखं गेलं तं बरोबर. कुठं राहिलं तं हात वाकडा पडला. मंग एक पट्टी असते हिऱ्याच्या भुकटीची, ती हलक्या हातानं फिरवायची. कानशीनं बारीक किनार उलटी वळते, ती त्यानं निघते. शेवटी नख लावून बघायचं. बोट नाय, नख. नखाचा पांढरा भुगा निघाला, की धार बसली.

येवढं कशासाठी, तं कार्व्हिंगसाठी. नवा मानूस बोर्ड आडवा करून खरडत खाली येतो. खरखर आवाज येतो, वाळू चाळल्यासारखा. ज्याला कार्व्हिंग येतं तो अंग झोकून बोर्ड नुसता कडेवर उभा करतो नि कड स्वतः वळते. इकडं वळते, तिकडं वळते, घसरत नाय. ओल्या चटईवर मागं एकच रेघ राहते. आवाज पन येगळा, नवं कापड ओढून फाडावं तसा. कड बोथट असली तं हे व्हत नाय. तुमी झोकता नि कड सोडून देते, मंग तुमी कुठं नि बोर्ड कुठं.

आता इथं एक गोम हाय. बोर्डाची दोन टोकं वर वळलेली असतात. पुढचं नाक नि मागची शेपूट. तिथून कड जिथं सपाट व्हायला लागते तिथवर धार ठेवायची नाय. रबरी दगड चोळून ती गोल करायची. टोकाला धार असली तं वळताना टोक आधी चावतं. चटईच्या केसात शिरतं नि मानसाला उचलून आपटतं. सरांनी मला हे सांगितलं तवा पटायला जड गेलं. आमच्याकडं इळ्याची धार टोकावरूनच बघतात. टोक पेंढीत शिरतं, बाकीचा इळा मागून येतो. टोक बोथट ठेवून इळा परत दिला तं गिऱ्हाईक तोंडावर फेकंल.

काम वाढलं तशी मी कमळला पन तिथं लावली. ती पोशेरा गावची. तिचा बाप धारेला चांगला, नि पोरीला ते सगळं रगतात आलेलं. कानस तिच्या हातात माझ्यापेक्षा सरळ चालते. पन टोकावर आली की कुरकुरायची.

"आत्याबाय, अशी टोकं सोडली तं माझा बाप म्हनंल, हिला काम येत नाय."

"तुझ्या बापाला कुठं घसरायचंय? चोळ गप."

ती चोळायची. मी सांगते म्हनून चोळायची.

गिऱ्हाईकं एकेक. एक गृहस्थ स्वतःचा बोर्ड घेऊन यायचे. बोर्डाला गोधडीसारखी पिशवी. धार लावून झाली, की ते बोर्डाच्या कानाशी तोंड नेऊन काय तरी बोलायचे, मंगच वर जायचे. वरून पडत पडतच यायचे, पन बोर्डावर कधी रागावले नाय. एक मॅडम आल्या, म्हनाल्या, "मावशी, खरंच लागते का हो ही?" नि मी नको म्हनायच्या आत बोट फिरवलं. पट्टी बांधता बांधता त्याच मला म्हनतात, "छान लावलीय हो तुम्ही."

भाताच्या कापनीला तं मजाच व्हायची. आमच्या गावचे लोक इळे घेऊन तिथंच यायचे. एकदा शेठ आत आले, तं भिंतीला एक बोर्ड, एक इळा, एक बोर्ड, एक इळा असे टांगलेले.

"हे काय, हिरूबाई?"

"गिऱ्हाईक हाय शेठ. तुमची फळीवाली सुट्टीच्या दिवशी येतात. ही रोज येतात."

दुसऱ्या दिवशी शेठनी स्वतःच्या घरचा नारळ फोडायचा कोयता आनून टांगला.

मंदा तिथं बोर्ड पुसायला म्हनून लागली. संध्याकाळी उतार रिकामा झाला, की सर तिला एक बोर्ड द्यायचे. पोरगी डोंगरात वाढलेली, गुडघे कधी ताठ नाय. बघता बघता शिकली. नि मंग सरांनी डोलमाबाईंना बोलावलं. त्या तिकडं बर्फात पोरींना तयार करतात, लोकांना बोर्ड शिकवायला. राहायचं, खायचं, सगळा हिवाळा, नि नंतर तिथंच काम. त्यांना एक पोरगी पायजे व्हती. त्या बघायला येनार, एक दिवस.

आमच्या घरात हिशोब सरळ व्हता. पोरगी निवडली तं निवडली, नायतर पावसाळ्यामागून भट्टी. मी गेले, कमळ गेली, तिसरी ही. नि त्यात बोर्डावरून पडून पाय मोडला, तं भट्टीवाला पन घेत नाय.

नेमकं त्याच टायमाला माझ्या डोळ्याचं आप्रेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, कानशीचा भुगा डोळ्यात गेला तं मला विचारू नका. एक डोळा नवा, त्याच्यावर काळा चष्मा, नि दुसरा जुना, धुक्यातला. मी घरी बसले. मंदाचे दोन्ही बोर्ड कमळनं एकटीनं लावले.

त्या दिवशी घरी राहवंना. जीपवाल्याला म्हटलं, मला वर सोड. उतारावर पोचले तवा शेठ, सर नि डोलमाबाई खाली खुर्च्यांवर बसले व्हते. मंदा वर चढत व्हती, बोर्ड काखेत. माझ्या जुन्या डोळ्याला ती नुसती लाल ठिपका दिसली. कमळनं मला बोर्ड ठेवायच्या घोडीशेजारी बसवलं. घोडीवर दुसरा बोर्ड व्हता, मंदाचाच, राखून ठेवलेला.

रिकामा हात सवयीनं बोर्डावर गेला. नख लावलं. मधली धार काय सांगू, अशी मी पन लावली नसती. मंग हात सरकत नाकावर गेला. नखाचा भुगा निघाला.

"कमळ, टोकाला रबरी दगड लावला नाय?"

"नाय लावला," ती म्हनाली. वर मान करून म्हनाली. "टोकापासून टोकापर्यंत लावलीय. आज पोरीचा दिवस. आज तरी अर्धवट काम देनार नाय मी तिला."

"आनि वर नेलाय तो?"

"तो तं अजून चांगला झालाय."

मी वर बघितलं. लाल ठिपका उभा राहिला व्हता, म्हंजे बोर्ड पायाला बांधून झाला व्हता. मी हाक मारली. फवारे सूं सूं करतात, पंप धडधडतो, तिच्या डोक्यावर टोप. काय ऐकू जानार? कमळला अजून कळलं नव्हतं. ती मला म्हनते, "काय झालं, आत्याबाय? बसा ना."

पंप माझ्या पाठीमागंच व्हता.

"लक्ष्मन, पंप बंद कर!"

"काय?"

"पंप बंद कर रे!"

"काकू, शेठ बसलेत. पाहुन्या आल्यात. पोरगी निघाली बघ."

"निघाली म्हनूनच सांगते. कर बंद, मेल्या!"

मी उठून त्याच्याकडं गेले का त्यानं माझं तोंड बघून केला, मला आठवत नाय. पंप थांबला. उतारावरचे फवारे असे खाली खाली गेले, म्हातारीनं मान टाकावी तसे. एकदम शांत झालं. नि त्या शांततेत मला ऐकू आलं, बोर्ड निघाला व्हता. थोडा आवाज आला, मंग एकदा टच् झालं. टोक चावल्याचा आवाज. मी डोळे मिटले. आप्रेशनचा पन मिटला.

"बसली," लक्ष्मन म्हनाला. "काकू, बसली ती. पानी गेलेलं बघून बसली. हात वर केलाय."

मी तिथंच पंपाच्या कट्ट्यावर बसले.

शेठ उठून आले. "पंप कोणी बंद केला?"

"मी सांगितला, शेठ."

"अहो हिरूबाई, आज? आत्ता?"

"शेठ, तिच्या बोर्डाच्या टोकाला धार हाय. वेग घेतला असता तं पोरगी मान मोडून आली असती. तुमी मला नंतर काय बोलायचं ते बोला."

शेठ सरांकडं बघायला लागले. सर आधीच वर धावत सुटले व्हते. मंदा बोर्ड काखेत मारून त्यांच्याबरोबर खाली आली. बोर्डाच्या नाकात चटईचे दोन केस अडकलेले. तिनं ते उपटले नि आईला दाखवले.

"आये, मला धाडायची इतकी घाई व्हती तुला?"

ती हसत व्हती. कमळ हसली नाय. ते दोन केस बघून तिला सगळं कळलं. ती मटकन खाली बसली.

"मी चांगलं करायला गेले," येवढंच बोलली.

"चांगलंच केलंस," मी म्हटलं. "जास्ती केलंस, ते आता कमी कर. दगड आन."

"मला नाय व्हनार. तुमी करा."

"मला दिसत नाय. मी बोट ठेवते, तू तिथवर चोळ."

डोलमाबाई तोवर आमच्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या व्हत्या. त्यांना मराठी येत नाय, मला त्यांचं हिंदी अर्धं कळतं. मी बोटानं चाचपून कड जिथं वळते ती जागा धरली. माझ्या बोटापासून नाकापर्यंत कमळ रबरी दगड चोळत राहिली. मंग शेपूट. मंग दुसरी बाजू. तिच्या डोळ्यातलं पानी बोर्डावर पडत व्हतं नि ती त्याच हातानं पुसत व्हती. मी तिला म्हटलं, "रडायचं तं रड, दगड ओलाच लागतो." तवा ती थोडी हसली. डोलमाबाईंनी शेवटी नख लावून बघितलं, टोकाला नि मधी. कमळला म्हनाल्या, "बीच में बहुत बढ़िया है।" कमळनं पदर तोंडावर घेतला.

पंप चालू झाला. मंदा परत वर गेली. मला काय दिसनार नव्हतं, मी मान खाली घालून ऐकत बसले. कमळ माझा हात दाबून धरून सांगत व्हती.

"उभी राहिली. निघाली. आत्याबाय, निघाली."

मंग तो आवाज आला. नवं कापड लांब फाडत आनावं तसा. थांबला, परत दुसऱ्या बाजूनं आला. मधी कुठं खरखर नाय. कमळ सांगायची थांबली व्हती. मी म्हटलं, "काय झालं, बोल ना." ती म्हनाली, "काय नाय. रेघ बघते." आवाज आमच्या जवळ आला, पान्याचे थेंब माझ्या तोंडावर उडाले, नि मंदा माझ्यापुढं उभी व्हती. धापा टाकत, दोन्ही पायांवर.

"आजे, बघितलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं.

डोलमाबाई सरांशी काय तरी बोलल्या. सरांनी आमाला सांगितलं, मंदा जानार. शेठनी चहा सांगितला, तो मी प्याले. साखर जास्ती व्हती, तरी प्याले. त्या रात्री जेवन झाल्याबरोबर झोपले. किती वर्सांनी अशी झोपले ते माहीत नाय. सकाळी कमळनं हलवलं तवा उठले.

कमळ मंग बरेच दिवस कानशीला हात लावंना. म्हनायची, माझा हात खोटा हाय. मी काय समजावत बसले नाय, मला ते येत नाय. फक्त एक दिवस तिला सरांपुढं नेऊन बसवली. म्हटलं, सर, मला जसं पहिल्यापासून सांगितलं तसं हिला सांगा, टोक का चावतं ते. मी तिला नुसतं चोळ म्हटलं व्हतं. सरांनी तिला एक बोर्ड बांधून उतारावर खालच्या भागात हळूच सोडली. पडली, हसली, शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी कामावर हजर. आता माझे डोळे दोन्ही नवे हायत, पन बोर्ड तीच लावते. मी इळे बघते.

मंदाला जाऊन थोडे दिवस झाले. पाय धड हायत. फोन लागला तं बोलते. तिकडं थंडी हाय, काम जड हाय, पन बरं हाय म्हनते. भट्टीचं नाव आमच्या घरात या वर्सी कोनी काढलं नाय. रोज सकाळी ते मला नवीन वाटतं.

फक्त एक सांगते ती. दिवसभर हिंदी नि इंग्रजी ऐकून डोकं भरतं, आपल्यासारखं कोनी बोलत नाय. म्हनून तुमाला, जो कोन हे वाचत असंल त्याला, माझं येवढंच सांगनं. थंडीत बर्फ बघायला गेलात नि तिथं एक सावळी, बुटकी पोरगी लोकांना उभं राहायला शिकवताना दिसली, तं लांबून फोटो काढून निघून जाऊ नका. जवळ जा. जेवलीस का म्हनून विचारा. मराठीत विचारा.